छंदवही : पोट उघडलेली विमानं

दोस्तहो, उन्हाळ्यात कलिंगडवाला काय करतो ते पाहिलंय ना? गिऱ्हाइकाने "लाल आहे ना हो?" असं विचारायचा अवकाश, तो सुरीने कलिंगडाला एक तिकोनी टाकी मारतो आणि फोड उपसून दाखवतो. कलिंगड अख्खं राहतं, त्याचा आकार कळतो, हिरवी साल दिसते आणि आतला लाल गरही दिसतो. काकडीची चकती कापली तर मात्र फक्त चकतीच दिसते. काकडी केवढी लांब होती हे तिच्यावरून सांगता येईल का? नाही!

विमानांना अशी टाकी मारणारे चित्रकार होऊन गेलेत. हातात सुरी नाही बरं का, पेन्सिल आणि शाई! त्यांच्या चित्रांना इंग्रजीत 'कटअवे' म्हणतात. आपण त्यांना छेदचित्रं म्हणू या. विज्ञानाच्या पुस्तकात फुलाचा उभा छेद असतो, तो झाला काकडीसारखा. विमानाचं छेदचित्र हे कलिंगडासारखं. ही जुनी चित्रं जमवणं, ती तासन् तास बघणं, त्यांच्यावरून मॉडेल करणं, असा छंद असलेली माणसं जगभर आहेत.

ही चित्रं गाजली इंग्लंडमधल्या दोन साप्ताहिकांमुळे. १९०९ साली निघालेलं 'फ्लाइट' आणि १९११ सालचं 'दि एरोप्लेन'. 'फ्लाइट'साठी मॅक्स मिलर आणि 'दि एरोप्लेन'साठी जे. एच. क्लार्क छेदचित्रं काढत. तेव्हा कॉम्प्युटर कुठला! चित्रकार कारखान्यात जायचा, अर्धवट जोडलेल्या विमानात शिरून रेखाटनं करायचा, इंजिनिअर लोकांचे नकाशे अभ्यासायचा आणि मग मोठ्या कागदावर आधी पेन्सिलीने, नंतर शाईने चित्र उभं करायचा. एकेका चित्राला कित्येक आठवडे लागत. दुसऱ्या महायुद्धात तर काय दाखवायचं आणि काय नाही, यावर सरकारची नजर असे.

आता एक गंमत लक्षात घ्या. हे चित्र म्हणजे फोटो नव्हे. असं अर्धं सोललेलं विमान कुठल्याच विमानतळावर कोणी पाहिलेलं नसतं! कुठला पत्रा काढायचा, कुठला ठेवायचा, हे चित्रकाराला ठरवावं लागतं. सगळंच उघडलं तर विमानाचा आकार हरवणार आणि नुसता सापळा उरणार. म्हणून जवळचा पंख तो सोलतो, पलीकडचा झाकलेलाच ठेवतो. दोन इंजिनं असतील तर एक उघडतो, एक बंद. दोन्ही सारखीच तर असतात! पत्र्याची कड मुद्दाम फाटक्या कागदासारखी वेडीवाकडी काढतो, म्हणजे इथे सोललंय हे आपल्याला कळतं. मग प्रत्येक भागाला बारीक आकडा आणि खाली भलीमोठी यादी. आकडा बघायचा, यादीत शोधायचा, परत चित्रात यायचं. हा खेळ एकदा लागला की आई जेवायला हाक मारून मारून थकते!

माझं सर्वात लाडकं छेदचित्र कुठलं म्हणाल, तर 'वेलिंग्टन' या बॉम्बफेकी विमानाचं. १९३६ साली ते पहिल्यांदा उडालं. त्याचं पोट उघडलं की आत काय दिसतं? जाळी! खाटेची बाज सुतळीने तिरकी तिरकी विणतात ना, अगदी तशी धातूच्या पट्ट्यांची वीण. नाकापासून शेपटीपर्यंत आणि पंखांतसुद्धा. तिच्यावर पत्रा नाही, चक्क कापड ताणून बसवलेलं. ही युक्ती बार्न्स वॉलिस या इंजिनिअरची. बाजेची एखादी सुतळी तुटली म्हणून बाज काही कोसळत नाही, तिचा भार शेजारच्या सुतळ्या उचलतात. वेलिंग्टनचं तसंच होतं. तोफेच्या माऱ्याने मोठमोठी भोकं पडलेली ही विमानं धडपडत का होईना, तळावर परत येत. आता हे बाहेरून काढलेल्या फोटोत कळेल का? फोटोत दिसतो फक्त कापडाचा गुळगुळीत फुगीर अंगरखा. वॉलिसची अक्कल बघायची तर अंगरखा बाजूला सारायला हवा.

आणि या वेलिंग्टनची पुढची हकीकत तर ऐकाच. ३१ डिसेंबर १९४० ला स्कॉटलंडवर सरावाला निघालेल्या एका वेलिंग्टनचं इंजिन बिघडलं. वैमानिकाने इतरांना पॅराशूटने उड्या मारायला सांगितलं आणि विमान थेट लॉक नेस नावाच्या सरोवरात उतरवलं. हो, हो, तेच ते 'राक्षसा'चं सरोवर! विमान पाण्यात उतरवणारे दोघे वाचले. उड्या मारलेल्यांपैकी शेपटीकडचा बंदूकधारी मात्र दगावला. विमान बुडालं आणि लोक त्याला विसरले. १९७६ मध्ये राक्षसाचा शोध घेणाऱ्या मंडळींच्या सोनार यंत्राला तळाशी काहीतरी लागलं. राक्षस कुठला, ते विमान निघालं! १९८५ मध्ये ते वर काढलं. पंचेचाळीस वर्षांत कापड बहुतेक नाहीसं झालं होतं आणि आतली जाळी उघडी पडली होती. म्हणजे चित्रकाराने कल्पनेने जे केलं, तेच पाण्याने खरोखर करून दाखवलं. इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्स संग्रहालयात हे विमान ठेवलेलं आहे. जिथे ते बांधलं गेलं, त्याच जागी!

छेदचित्रात यंत्रांबरोबर माणसांच्या जागाही कळतात. 'लँकेस्टर' हे चार इंजिनांचं विमान घ्या. त्यात सात जण असत. त्यांतले सहा जण पुढच्या आणि मधल्या भागात. सातवा पार शेपटीच्या टोकाला, काचेच्या बुरुजात, चार मशीनगन घेऊन, एकटा. चित्रात बोट ठेवून त्याच्यापासून वैमानिकापर्यंत चालत जाऊन बघा. वाटेत पंखांना जोडणाऱ्या जाडजूड तुळया विमानाच्या पोटातून आडव्या गेलेल्या दिसतील. जाड कपडे घालून, काळोखात त्यांच्यावरून चढून जायचं! आणि त्याचं पॅराशूट कुठे? बुरुज इतका अरुंद की पुष्कळदा ते आत मावत नसे. बुरुजाच्या दारामागे, विमानात टांगलेलं असे. विमान पेटलं तर आधी दार उघडा, पॅराशूट काढा, अंगाला अडकवा, मग उडी. ब्रिटनच्या बॉम्बर दलाचे ५५,५७३ हवाई सैनिक त्या युद्धात गेले. ही विमानं ज्या शहरांवर बॉम्ब टाकत, तिथली माणसं वेगळीच. लँकेस्टरच्या चित्रात बॉम्ब ठेवायचा कप्पा सुमारे दहा मीटर लांब दिसतो, तोही नीट बघा. चित्र सुंदर आहे म्हणून तिकडे काणाडोळा करू नका.

युद्धानंतर १९५० साली इंग्लंडमध्ये 'ईगल' नावाचं मुलांचं साप्ताहिक निघालं. त्याच्या मधल्या पानांवर दर आठवड्याला रंगीत छेदचित्र असे. विमान, आगगाडी, जहाज, काहीही! लेस्ली अ‍ॅशवेल वुड यांनी त्यांतली पुष्कळशी काढली. पहिल्या अंकात होतं रेल्वेचं इंजिन. आपण आज विमानांवरच राहू या, नाहीतर संपादक जागा देणार नाहीत.

मॉडेल करणाऱ्यांना तर ही चित्रं म्हणजे खजिनाच. विकत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या संचात वैमानिकाची खुर्ची आणि एक दांडा, एवढंच असतं पुष्कळदा. हौशी माणूस छेदचित्र समोर ठेवतो, मॉडेलच्या इंजिनावरचं झाकण कापतो आणि आत बारीक तारांच्या नळ्या बसवतो. खरं विमान कधीच भंगारात गेलेलं असतं. लँकेस्टरच घ्या ना, सात हजारांहून जास्त बांधली, आज उडू शकणारी उरली दोन. एक ब्रिटनमध्ये, एक कॅनडात.

(आईबाबांना एक विनंती. रद्दी देताना जुनी यंत्रविषयक मासिकं आधी मुलांच्या हाती द्या. पोरं वाया घालवतील ती पानं भिंतीवर चिकटवून, पण रद्दीवाल्यापेक्षा बरं!)

आता आपल्याकडचं उदाहरण. गोव्यात बोगमाळो किनाऱ्याजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे 'सी हॉक' हे जेट विमान उघड्यावर ठेवलंय. डिसेंबर १९७१ मध्ये 'विक्रांत' या आपल्या विमानवाहू जहाजावरून सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर आणि चितगावावर हल्ले केले होते. तुम्ही तिथे गेलात तर आधी त्याच्या मागे जा आणि शेपटीत इंजिनाचं धुराडं शोधा. बाकीच्या जेट विमानांत शेपटीला मोठं भोक असतं ना, जिथून गरम वायू बाहेर फेकला जातो? इथे सापडणारच नाही! इंजिन तर एकच आहे, मग वायू जातो कुठून?

कोडं सोडवायला सी हॉकचं छेदचित्र बघा. इंजिन पोटाच्या मधोमध आहे आणि त्याच्या मागची नळी पँटच्या दोन पायांसारखी दुभंगलीय. एक पाय डावीकडे, एक उजवीकडे. वायू बाहेर पडतो तो पंख जिथे विमानाला चिकटतो, तिथे मागच्या कडेला. त्यामुळे विमानाचा मागचा भाग मोकळा राहिला आणि तिथे इंधनाची टाकी बसवता आली. समुद्रावर उडणाऱ्या विमानाला थोडं जास्त इंधन म्हणजे केवढा आधार!

पुढच्या आठवड्यापर्यंत एक काम करा. विमान नको, तुमचं बॉलपेन घ्या. ते खोलून सगळे भाग ओळीने मांडा, स्प्रिंग हरवू देऊ नका. मग पेन पुन्हा जोडा आणि एका बाजूची साल काढल्यासारखं त्याचं चित्र काढा. फाटकी कड काढायला विसरू नका. भागांना आकडे द्या, खाली यादी करा. स्प्रिंग कशावर टेकते आणि बटण दाबल्यावर काय कशाला ढकलतं, हे चित्रात दिसलं पाहिजे. ते नाही जमलं तर पेन परत खोला!