प्वेर्तो वायार्ता: निघण्यापूर्वीं

ज्यांचे मुलगे-सुना अमेरिकेंत आहेत अशा घरांतून हल्लीं एक बेत वारंवार कानीं येतो: वडील माणसें तिकडे गेलीं कीं सर्वांनीं मिळून मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्वेर्तो वायार्ता येथें आठ दिवस काढावे. बेत उत्तम आहे.

मात्र मुलांच्या सुटीकडे पाहून जुलैचीं तिकिटें काढूं नयेत. तेथेंहि पावसाळा जून ते ऑक्टोबरच. डिसेंबर ते मार्च या काळांत प्रचंड देवमासे उत्तरेकडील थंड समुद्रांतून बांदेरास उपसागरांत पिलें घालावयास येतात. तें दृश्य नातवंडांना दाखवावें. समुद्रकांठच्या ‘मालेकोन’ या पायरस्त्यावर वाहनांची धास्ती नाहीं. गाणेंबजावणें मात्र उशिरापर्यंत चालतें, म्हणून बिऱ्हाड जरा दूर घ्यावें.

खरी अडचण अन्नाची. सासूबाई शाकाहारी असल्या तर ‘घेवडा मिळतो ना’ एवढ्यावर विसंबूं नये. तो तेथें पुष्कळदां डुकराच्या चरबींत परततात; गव्हाच्या पोळींतहि ती बहुधा असते. चुन्याच्या पाण्यांत शिजविलेला मका वाटून केलेली साधी भाकरी मात्र चालेल. त्या चरबीस ‘मांतेका’ म्हणतात. हा शब्द सुनेनें पाठ करावा (सुनेनेंच कां, मुलानेंहि!) आणि पान वाढलें जाण्यापूर्वीं विचारावें. मागाहून कळलें तर सासूबाई उरलेले दिवस केळ्यांवर काढतील, आणि कोणास एक शब्दहि बोलणार नाहींत.