हिशेब ज्याचा त्याच्याकडे

हरविंदरसिंग संधू ऊर्फ रिंदा लाहोरच्या रुग्णालयात मेला, अशी बातमी नोव्हेंबर २०२२ मध्ये आली. मरणाची कारणे मात्र जितकी तोंडे तितकी होती. कुणी अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे नाव घेतले, कुणी मूत्रपिंडाचे, आणि पंजाबातल्या एका टोळीने तर ‘आम्हीच त्याला संपवला’ असा दावा ठोकला. मूळचा तरणतारणचा हा माणूस लहानपणीच कुटुंबासह नांदेडला आला. इथल्या व्यापाऱ्यांना आणि बांधकाम व्यावसायिकांना त्याच्या नावाने येणारे खंडणीचे फोन काही नवे नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये शहरातल्या एका नामवंत बांधकाम व्यावसायिकाची त्याच्याच घरासमोर गोळ्या झाडून हत्या झाली आणि तपासात रिंदाचे नाव पुढे आले. त्यामुळे तो मेल्याचे ऐकून नांदेडकरांना ‘पीडा टळली’ असे वाटले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. पण पीडा टळली नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने याच रिंदाला बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली दहशतवादी घोषित केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्रीय तपास संस्थेने त्याच्या माहितीसाठी १० लाखांचे इनाम लावले. मेलेल्या माणसावर कुणी इनाम लावत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये नांदेडच्या गुरुद्वारा परिसरात गोळीबार होऊन एक जण ठार झाला, तेव्हाही तपास यंत्रणांचे बोट त्याच्याच दिशेने गेले.

दहशतवादी म्होरक्या मेल्यावर लोकांनी हायसे वाटून घेऊ नये, असे सांगण्याचा सोवळेपणा आम्ही करणार नाही. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबई हल्ल्यातल्या कसाबला येरवड्यात फाशी झाली आणि राज्यात ठिकठिकाणी पेढे वाटले गेले. त्यामागे चार वर्षांची ठसठस होती. प्रश्न आनंदाचा नाही, त्याच्या पत्त्याचा आहे. आनंद असो की संताप, तो नाव आणि पुरावा सोडून चौकात उतरला की गुन्हेगाराच्याच पथ्यावर पडतो. कधी तो सुटलेल्याला मेलेला समजतो आणि सावधपणा ढिला पडतो. कधी तो भलत्याच माणसाला गाठतो. पहिल्याचा दाखला नांदेडने नुकताच पाहिला. दुसऱ्याचा दाखला लातूरचा आहे आणि तो फार जड आहे.

निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करत होता. त्याच्या संघटनेने मराठवाड्यात काय केले, हे इथल्या घराघरांत माहीत आहे. बिलोलीजवळ अर्जापूरला १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांचा बळी घेणारी दहशत हीच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला आणि पाठोपाठ रझवीला अटक झाली. लोकांनी दिवाळी साजरी केली, ती योग्यच होती. त्यानंतर जे घडले ते मात्र मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत सहसा ऐकू येत नाही. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या वर्षाअखेरीस संस्थानात फिरून पाहणी केली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने नांदेड आणि उस्मानाबाद ही नावे घातली. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. रझवीचे गाव म्हणून लातूरची नोंद वेगळी आहे. कच्छी मुस्लिम व्यापाऱ्यांच्या या भरभराटीच्या पेठेत वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली, हजारावर मुसलमान मारले गेले, आणि सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार लोक समितीला गावात आढळले. हा अहवाल सरकारने कित्येक दशके दाबून ठेवला. अभ्यासकांना तो २०१३ च्या सुमारास दिल्लीत पाहायला मिळू लागला.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, हे आकडे फुगवलेले आहेत. समितीचे आकडे अंदाजाचे होते, हे खरेच. तिने स्वतःच संपूर्ण संस्थानासाठी २७ ते ४० हजार अशी ऐसपैस मर्यादा दिली. पण लातूरचा आकडा निम्मा धरला तरी प्रश्न निम्मा होत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रझाकारांनी जे पेरले तेच उगवले, मग आता गळा कशाला काढायचा? त्याचे उत्तर खुद्द रझवीच्या चरित्रात आहे. त्याच्यावर रीतसर खटला चालला. बीबीनगर दरोड्याच्या प्रकरणात त्याला शिक्षा झाली आणि १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले. शिक्षा भोगून तो १९५७ मध्ये पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. म्हणजे ज्याने पेरले तो जगला आणि लातूरच्या पेठेत कापडाचे गठ्ठे मोजणारे मेले. शिवाय सगळे मुसलमान रझवीचे होते, हेही खोटे. भारतात विलीन व्हा असे उघड लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार करण्यात आले, तेही रझाकारांनीच. याच अहवालात जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंच्याही नोंदी आहेत. मुसलमान विणकरांच्या पाठीशी उभे राहणारे हिंदू विणकर त्यात आहेत. रागाच्या भरातही माणूस ओळखता येतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवले होते.

कायद्याची वाट लांबची आहे आणि रझवीसारखा माणूस तिच्या दुसऱ्या टोकाला जिवंत निघून जातो, ही तक्रार खोटी नाही. आम्हालाही ती सलते. पण ही वाट नेहमी कोर्टाचीच असते असे नाही. पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जणांचे बळी घेणाऱ्यांपैकी तिघे २८ जुलैला श्रीनगरजवळ चकमकीत मारले गेले. तेव्हा सरकारने नुसती घोषणा केली नाही. त्यांना आसरा देणाऱ्यांकडून मृतदेहांची ओळख पटवली, हाती लागलेल्या रायफली आणि हल्ल्याच्या जागी, बैसरनला, मिळालेल्या पुंगळ्या चंदीगडच्या प्रयोगशाळेत ताडून पाहिल्या, आणि मगच लोकसभेत नावे सांगितली. मधल्या तीन महिन्यांत मात्र देशातल्या काही शहरांत काश्मिरी विद्यार्थ्यांवर खोल्या सोडण्याची वेळ आली होती. त्या विद्यार्थ्यांना हुसकून एकही मारेकरी सापडला नाही. पर्यटकांना वाचवताना जीव गमावलेला घोडेवालाही काश्मिरीच होता, हे त्यांना हुसकणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसावे.

नांदेडला हे जास्त लागू पडते. सचखंड हुजूरसाहिबचे हे शहर शीख समाजाचे तीर्थ आहे. रिंदाचा हिशेब त्या समाजाच्या खाती मांडणारा खंडणीखोराचेच काम सोपे करतो, कारण धमकी आलेला शीख दुकानदार मग पोलीस ठाण्याची पायरी चढायला कचरतो. फोन आल्यावर गुपचूप पैसे पोहोचवणारे व्यापारी आहेत तोवर म्होरक्या लाहोरात जगला काय आणि मेला काय, वसुली करणारी पोरे इथेच राहतील. तेव्हा नांदेड पोलिसांनी खंडणीच्या तक्रारी किती आल्या, किती प्रकरणांत आरोपपत्र दाखल झाले आणि किती तक्रारदारांना संरक्षण मिळाले, याचा तपशील दर सहा महिन्यांनी जाहीर करावा. आणि येत्या १७ सप्टेंबरला लातुरात ध्वजारोहण होईल, तेव्हा रझवीचा धिक्कार करणाऱ्या वक्त्याने त्याच भाषणात त्या वीस दिवसांचेही नाव घ्यावे.