पडद्याआडचा आवाज

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून टाकलेल्या कविता ठेवल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये तपासले, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. ध्वनियंत्रांच्या प्रांतातला असाच एक प्रयोग मात्र आपल्याकडे फारसा ठाऊक नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ च्या एका निबंधात तो मांडला आहे. तेच स्पीकर श्रोत्यांना एकदा डोळ्यांदेखत ऐकवले, एकदा पडद्याआडून. दिसताक्षणी आकार आणि रूप यांनी कौल फिरवला. इतका, की स्पीकरची जागा बदलल्याने पडणारा फरकही श्रोत्यांना पुरेसा जाणवेना.

गंमत पुढेच आहे. रिचर्ड्सच्या वर्गात नाव काढताच मते विखुरली. टूल यांच्या अनेक वर्षांच्या चाचण्यांत नाव झाकताच ती एकवटू लागली: कोणताही स्वरपट्टा न फुगवणारा, सरळ बोलणारा स्पीकर बहुतेकांना आवडला. कवितेच्या बाबतीत असे एकमत झाले तर आम्हाला काळजीच वाटेल. यंत्राचे तसे नाही. यंत्राला स्वतःचे काही म्हणायचे नसते.

हा विषय साहित्याच्या शिक्षकांचा आहे, असे आमचे ठाम मत आहे. कवींनी स्वतः वाचलेल्या कविता, नाटकांची ध्वनिमुद्रणे, अभिवाचने हे सारे आज बहुतेक विद्यार्थी मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरवर ऐकतात आणि विभागाकडे पैसे आले की खरेदी होते ती प्रोजेक्टरची. मध्यम किमतीत उत्तम ऐकता येते, हे पटले तर ही सबब उरत नाही.

पैशाचा मोठा वाटा स्पीकरच्या जोडीवर जावा. अँप्लिफायर क्षमतेच्या आत चालत असेल तर त्यांच्यातला फरक फार थोडा असतो, आणि महागड्या तारांचा तर विचारही करू नये. वॉटच्या आकड्यांना भुलण्याचेही कारण नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. तो कानाला साधारण दुप्पट वाटावा यासाठी १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. (खेळण्याएवढ्या यंत्रांवर हजारो ‘पीएमपीओ’ वॉट छापण्याचा काळ आमच्या पिढीने पाहिला आहे.) पुस्तकांच्या फळीवर मावणारा स्पीकर अगदी खालचा खर्ज पेलत नाही, हे खरे, पण पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वरही सहसा ८० हर्ट्झच्या खाली उतरत नाही. त्याच किमतीत पाच-सहा डबे देणाऱ्या ‘होम थिएटर’पेक्षा दोनच, पण नेटके डबे आम्ही केव्हाही पसंत करू.

दुकानात स्फोट आणि ढोल ऐकवतात. आपण ओळखीच्या माणसाचे बोलणे मुद्रित करून न्यावे. ‘चार’मधला तालव्य च आणि ‘चारा’मधला दंततालव्य च वेगळे ऐकू येतात का, ते पाहावे. या वर्णांची घर्षणे वरच्या कंप्रतांत असतात आणि सामान्य स्पीकर तिथेच एकतर बोथट होतो, नाहीतर टोचू लागतो. दोन स्पीकर ताडून पाहताना दोन्हींची पातळी मात्र सारखी करून घ्यावी, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो. विक्रेत्यांना हे पक्के ठाऊक असते.

राहता राहिली खोली. फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या वर्गात चांगल्या स्पीकरचीही व्यंजने घुमून एकमेकांत मिसळतात. एक जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांनी भरलेली दोन कपाटे यांनी जे साधते, ते अधिक किमतीच्या यंत्राने साधत नाही. एवढे करून पैसे उरले, तर विभागात पडून असलेल्या व्याख्यानांच्या आणि काव्यवाचनांच्या कॅसेट आधी संगणकावर उतरवून घ्याव्यात. त्या फिती दरवर्षी थोड्या थोड्या झिजत आहेत.