उपाय आहे, कायाकल्प नव्हे

लोकलच्या डब्यात, एसटी स्थानकाच्या मुतारीत आणि महामार्गालगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोगा’च्या जाहिराती आजही सुखेनैव नांदत आहेत. वास्तविक लैंगिक क्षमता वाढवून देण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा पुस्तकात राहिला आणि भिंती रंगत राहिल्या, याचे कारण सरकारी ढिलाईत जेवढे आहे त्याहून अधिक आपल्या मौनात आहे. घरात बोलायचे नाही, डॉक्टरांना विचारायचे नाही. मग उरते ती भिंत.

या मौनाला इतिहास आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे दिली. त्यावरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड व्हायचा तो झालाच. शंका मात्र अजूनही दबक्या आवाजातच विचारल्या जातात. अलीकडे त्यांत लिंगात बसवण्याच्या ‘इम्प्लांट’ची भर पडली आहे. कोणी त्याला थोतांड म्हणतो, कोणी कायाकल्प. माझ्या मते दोन्ही समजुती सारख्याच घातक आहेत.

आधी दुखण्याविषयी. ‘नपुंसक’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. अमेरिकेत १९९२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी तिकडचा असाच हिणवणारा शब्द टाकून, ताठरतेतील बिघाड असा अर्थ सांगणारा शब्द वापरण्याची शिफारस केली. हा बदल केवळ शब्दाचा नव्हता. रक्तवाहिन्या, मज्जातंतू, संप्रेरके आणि मन यांपैकी कुठेतरी बिघाड झाला आहे, एवढाच याचा अर्थ. त्यात मर्दानगीचा प्रश्न येतो कुठे?

आपल्या देशात या बिघाडाला मोठे निमित्त मधुमेहाचे आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात दहा कोटींवर मधुमेही आहेत. हा रोग रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही पोखरतो. त्यातही लिंगातील धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक. त्यामुळे कित्येकदा तक्रार आधी येथे सुरू होते आणि छातीत दुखू लागते ते काही वर्षांनी. चूर्णाची पुडी देणारा वैदू साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासत नाही. त्याच्याकडे पैसे तर जातातच, पण शरीराने दिलेली इशाऱ्याची घंटाही वाया जाते.

म्हणून इम्प्लांट ही पहिली पायरी नव्हे. साखर आटोक्यात आणणे, तंबाखू सोडणे, गरज असेल तर पती-पत्नीने मिळून समुपदेशन घेणे. मग १९९८ पासून उपलब्ध झालेल्या गोळ्या. (छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्यांना त्या वर्ज्य आहेत.) त्यापुढे व्हॅक्यूम पंप किंवा इंजेक्शन. हे उपाय निष्फळ ठरले किंवा सोसले नाहीत, तर शस्त्रक्रियेचा विचार. दीर्घकाळचा मधुमेह, प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, मणक्याची इजा अशांच्या बाबतीत ही वेळ येऊ शकते.

हे तंत्र काही कालपरवाचे नाही. ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी फुगवता येणारे इम्प्लांट १९७३ मध्येच जगापुढे ठेवले. त्याच्या आजच्या प्रकारात लिंगात दोन पोकळ नळ्या, अंडकोशाच्या पिशवीत छोटा पंप आणि ओटीपोटात सलाईनची टाकी असते. पंप दाबला की ताठरता येते, कळ दाबली की पाणी टाकीत परतते. दुसरा प्रकार साधा, वाकवता येणाऱ्या दोन कांड्यांचा. तो पुष्कळ स्वस्त, बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नाही. पण लिंग कायम अर्धवट ताठ राहते. मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी भारतीय रुग्णांसाठी कमी खर्चाचे इम्प्लांट विकसित केले, ते याच जातीचे.

आता अपेक्षांचा हिशेब. इम्प्लांट ताठरता देते, हवी तेव्हा आणि हवा तेवढा वेळ. इच्छा देत नाही. लांबी वाढवत नाही. उलट ती थोडी कमी झाल्याचे अनेकांना वाटते. स्पर्शाची जाणीव आणि कामतृप्ती आधी असेल तर बहुधा टिकते, नसेल तर यंत्राने येत नाही. दुखणे-सूज काही आठवडे राहते, शरीरसंबंधासाठी साधारण सहा आठवडे थांबावे लागते. जंतुसंसर्गाचे प्रमाण आज थोडे आहे. पण तो झाला तर बहुधा इम्प्लांट काढावे लागते, आणि साखर वाढलेली असेल तर धोका वाढतो. फुगवता येणारे यंत्र दहा-पंधरा वर्षांत बदलावे लागू शकते. मुख्य म्हणजे हा परतीचा रस्ता नाही. एकदा इम्प्लांट बसवले की ते काढूनही नैसर्गिक ताठरता सहसा परतत नाही.

एवढे समजून शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांत समाधानी जोडप्यांचे प्रमाण चांगले असल्याचे देशोदेशींचे अभ्यास सांगतात. पुन्हा विशीत जाण्याच्या आशेने गेलेल्याची मात्र निराशा ठरलेली. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. नवरा हा निर्णय पुष्कळदा एकटाच घेतो. बायकोला शस्त्रक्रिया नकोशी वाटत असेल, किंवा गेल्या काही वर्षांत दोघांत आलेल्या अबोल्याचेच तिला अधिक दुःख असेल. अबोल्यावर कोणताही पंप चालत नाही.

तेव्हा युरॉलॉजिस्टकडे जाताना दोघांनी मिळून जावे. आधीचे कोणते उपाय राहिले आहेत, अशा किती शस्त्रक्रिया त्यांनी केल्या आहेत, यंत्र बिघडले तर पुढचा खर्च कोणाचा, हे निःसंकोच विचारावे. गुडघा बदलण्यापूर्वी आपण हेच प्रश्न विचारतो आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही.