प्लास्टर उतरल्यानंतरची चार वर्षे

जन्मतः आत वळलेल्या पावलांवरचा, म्हणजे क्लबफूटवरचा उपचार ही गरीब देशांतल्या धर्मादाय कामाची मोठी कमाई आहे. दर हजार जन्मांमागे साधारण एका बाळाला हा दोष असतो, आणि अशी बहुतेक बाळे कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत जन्मतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी बसवलेली पद्धत आपणा सर्वांच्या हातातली आहे: दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने वळवून प्लास्टर, पाच-सहा प्लास्टरांनंतर बहुतेक मुलांत टाचेच्या टेंडनला एक छोटा छेद, आणि मग ब्रेस. या पद्धतीने उपचार झालेल्यांची तीस वर्षांनंतर तपासणी झाली, तिचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ७८ टक्के लोकांची पावले उत्तम किंवा चांगली होती. पावलात कधीच दोष नसलेल्यांत हे प्रमाण ८५ टक्के होते. मलावी आणि युगांडामध्ये डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनीही पावले सरळ करून दाखवली. प्लास्टर घालणे शिकवता येते, हा प्रश्न सुटलेला आहे. न सुटलेला प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो, आणि आपल्या संस्थांचा पैसा, माणसे व अहवाल नेमके तिथेच हात आखडता घेतात.

सरळ झालेले पाऊल पुन्हा आत वळू पाहते. म्हणून आडव्या पट्टीला जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. २००४ साली डॉब्ज व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ५१ बाळांच्या ८६ पावलांचा अभ्यास मांडला. मुळात पाऊल किती वाकडे होते, उपचार कोणत्या वयात सुरू झाला, यांचा दोष उलटण्याशी ठळक संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो ब्रेस न घालण्याशी, आणि त्याखालोखाल आईवडिलांच्या कमी शिक्षणाशी. हा दुसरा निष्कर्ष पालकांना बोल लावण्यासाठी वापरला जातो, ते चूक आहे. त्यातून दिसते ते इतकेच, की आपले समजावणे शिकलेल्या घरापर्यंत पोचते आणि इतरांपर्यंत पोचत नाही. सरळ दिसणाऱ्या पायाला रात्रभर जखडून का ठेवायचे, हा आजीचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटांत, तेही एकट्या आईला देऊन भागत नाही.

शिवाय सगळे समजूनही ब्रेस सुटतो. मूल वाढते, बूट लहान होतात, नवे माप जिल्ह्याच्या गावी मिळते, आणि तिथे जायचे म्हणजे एसटीचे भाडे व एक रोज बुडाला. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेले कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि उन्हाळा लागता लागता परतते. तेवढ्या काळात तान्ह्या बाळाला बुटांचे नवे माप लागू शकते. त्याचे कार्ड मात्र बीडमध्ये, आणि मूल कोल्हापूर-सांगलीच्या फडावर. तिथल्या क्लिनिकने दुसऱ्या जिल्ह्याच्या मुलाला विनाचौकशी बूट बदलून द्यावेत, एवढी साधी व्यवस्था असली तरी कितीतरी पावले वाचतील. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत क्लबफूट आहे, त्यामुळे बाळ हेरण्याची सरकारी वाट आहे. तीच वाट ब्रेसच्या वर्षांपर्यंत नेता येईल. युगांडात स्टीनबीक यांनी तिथल्याच सामानातून, तिथल्याच कारागिरांना बनवता येईल असा ब्रेस तयार केला, त्यामागचा विचार हाच होता. बूट जवळ बनला तर दुरुस्तीही जवळ होते.

यावर कार्यकर्त्यांचा आक्षेप असा, की पैसा मोजका आहे. जुन्या मुलांमागे फिरण्यात तो गेला तर दाराशी आलेल्या नव्या बाळाचे काय? आक्षेप मनापासूनचा आहे, पण त्यातला हिशेब अपुरा आहे. उलटलेल्या पावलाला पुन्हा प्लास्टर लागते, काहींना तिसऱ्या वर्षानंतर स्नायूचे टेंडन दुसरीकडे जोडण्याची शस्त्रक्रिया लागते, आणि तिला शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, खाट सारेच आले. प्रवासभाडे आणि चार फोन त्याहून कितीतरी स्वस्त. शिवाय गावात एका मुलाचे पाऊल पुन्हा वळलेले दिसले, की पुढच्या बाळाची आई क्लिनिकला येताना कचरते. हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात चढत नाही. दुसरा आक्षेप, हे काम सरकारचे. मान्य. म्हणूनच ब्रेस कायम देणगीतून येत राहणे धोक्याचे आहे. देणगीदाराचे लक्ष दुसरीकडे वळले की बूट थांबतात. जिल्हा रुग्णालयाच्या खरेदीयादीत सर्व मापांचे ब्रेस आणणे हे संस्थांनी स्वतःचे काम मानावे, ते होईपर्यंत पुरवठा चालू ठेवावा.

तिसरी अडचण उघडपणे कोणी बोलत नाही. चार वर्षांचा हिशेब दिला तर आकडे उतरतील आणि देणगीदार नाराज होईल, ही ती भीती. ‘या वर्षी इतक्या मुलांवर उपचार सुरू’ हे वाक्य देणगी आणते, यात शंका नाही. पण देणगीदाराला आपणच तेवढे मोजायला शिकवले आहे, आणि वेगळे मोजायलाही आपणच शिकवू शकतो. येत्या वार्षिक अहवालात प्रत्येक संस्थेने चार वर्षांपूर्वी प्लास्टर सुरू केलेल्या मुलांची एक वेगळी ओळ द्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे: किती मुले अजून रात्री ब्रेस घालतात, किती पावले सपाट टेकतात, कितींना पुन्हा प्लास्टर लागले, आणि किती मुलांचा पत्ता लागला नाही. शेवटच्या रकान्यातल्या मुलांना बऱ्या झालेल्यांत धरू नये.