अशोका गार्डनची थंडी आणि अस्तराचे बूट

दिवाळी आटोपली की भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये पेट्यांतले स्वेटर गच्चीवर उन्हात पडतात आणि घरोघरी एक जुना प्रश्न नव्याने निघतो. यंदा एकदाचे जाड जाकीट आणि आतून अस्तर असलेले उबदार बूट घ्यावेत, की आहे त्या लोकरीवरच हिवाळा काढावा? नोकरदार घरात चौघांसाठी असा खर्च काढायचा म्हणजे दुसरे काहीतरी पुढे ढकलावे लागते. त्यामुळे दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या पाहिजेत.

जाड जाकीट हवे म्हणणाऱ्यांचे म्हणणे हौसेपोटी आलेले नाही. भोपाळ माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचीवर आहे. हिमालयात बर्फ पडून गेले आणि आभाळ निरभ्र झाले की उत्तरेचे वारे इथवर येतात आणि रात्रीतून पारा झरझर उतरतो. मैदानी भागात किमान तापमान 4 अंशांवर किंवा त्याखाली गेले की हवामान खाते थंडीची लाट मानते, आणि भोपाळचा पारा काही वर्षी या आकड्याच्या अगदी जवळ जातो. त्यात अशोका गार्डनचा माणूस सकाळी घरात बसलेला नसतो. तो दुचाकीवरून रायसेन रोडने गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांकडे पहिल्या पाळीला निघालेला असतो. हवा 5 अंशांची आणि गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटर असला, तर उघड्या चेहऱ्याला ती थंडी सुमारे उणे 1 अंशाइतकी लागते. अशा वेळी चेन ओढली की काम झाले, असे एकच वस्त्र लागते. म्हाताऱ्या माणसांना आणि शाळेच्या रिक्षासाठी घाईत असलेल्या मुलांना एकावर एक चार कपडे चढवणे जमत नाही, हेही खरे.

दुसरी बाजू दुपारकडे बोट दाखवते. जानेवारीतही भोपाळची दुपार साधारण 24-25 अंशांची असते आणि पहाटेचा गारठा सरासरी 10-11 अंशांचा. म्हणजे एकाच दिवसात चौदा-पंधरा अंशांचा चढउतार. सकाळी सातला आधार वाटणारे जाकीट अकराला नकोसे होते आणि मग दिवसभर हातावर वागवावे लागते. ऊब कापडाच्या वजनातून येत नाही, त्यात अडकून राहिलेल्या हवेतून येते. म्हणून इनर, त्यावर पातळ स्वेटर आणि वर वारा अडवणारे काहीतरी, असे तीन थर एका जाड कपड्याइतकेच काम करतात आणि एकेक करून उतरवताही येतात. मात्र या पद्धतीला शिस्त लागते. आतला थर सुती बनियनचा असला आणि तो घामाने भिजला, तर वरच्या दोन थरांचा फायदा अर्ध्यावर येतो. लोकर ओलसर असतानाही काही ऊब धरून ठेवते, सुती कापड ते करत नाही.

आमचा कल थरांकडे आहे, पण एका अटीवर. वरचा थर वारा अडवणाराच हवा. हाताने विणलेला स्वेटर कितीही जाड असला तरी गाडीवर वारा त्याच्या टाक्यांतून आरपार जातो. पावसाळ्यातला रेनकोट त्याच स्वेटरवर चढवला तर वीस मिनिटांच्या रस्त्यासाठी पुष्कळ झाले. त्यातून घाम बाहेर पडत नाही, म्हणून पोचताच तो काढायचा. स्वेटर आणि मफलर हिवाळ्यापुरते येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडे परवडणाऱ्या दरात मिळतात. त्यांचा बराचसा माल लुधियानाचा असतो आणि रोजच्या वापराला चांगला टिकतो. तरीही ज्याला जाकीटच घ्यायचे आहे त्याने ते दुकानात उभे राहून आरशात पाहू नये. स्टुलावर बसून हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करावेत. मनगट उघडे पडले किंवा पाठीमागून शर्ट दिसू लागला, तर ते जाकीट दुचाकीसाठी नाही, मग आत कितीही कापूस भरलेला असो. उरलेले पैसे चांगल्या हातमोज्यांवर आणि कानटोपीवर घालावेत, कारण गाडीवर बोटे आणि कान आधी बधिर होतात.

बुटांचा प्रश्न जास्त अवघड आहे. त्यांची मागणी बहुधा मनालीच्या सहलीतून येते. विकत घ्या म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की सोलंगच्या वाटेवर भाड्याने मिळणारे कोट आणि गमबूट अनेकांनी वापरलेले, कधी आतून ओलसर आणि मापात अंदाजपंचे असतात, आणि बर्फात पाय ओला झाला की सहल तिथेच संपते. हा मुद्दा आम्हाला मान्य आहे. दुसरीकडे, बर्फात दोन दिवस चालणारे बूट परत आल्यावर अशोका गार्डनमध्ये करायचे काय? दुपारच्या उन्हात पाय त्यात घामाने भिजतो आणि संध्याकाळी तोच ओला मोजा पाय गार करतो. त्यामुळे अशा सहलीसाठी भाड्याचेच बूट बरे. फक्त लोकरी मोज्यांचे दोन कोरडे जोड घरून न्यावेत आणि बूट घालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हिवाळी ट्रेकला जाणाऱ्यांची किंवा शिकायला कॅनडाला निघालेल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांनी स्वतःच्या मापाचे बूट जरूर घ्यावेत. घेताना संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. जाड मोजा घालून, बोटे पुढे सरकवून टाचेमागे एक बोट मावते का ते पाहावे. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्तप्रवाह अडतो, मधली हवाही उरत नाही, आणि पाय उलट जास्त गारठतो.

एक माणूस मात्र या सगळ्या हिशेबातून सुटतो. तो म्हणजे गल्लीच्या तोंडाशी रात्रभर खुर्चीवर बसणारा चौकीदार. चालणाऱ्याचे शरीर स्वतःच ऊब तयार करते. बसणाऱ्याचे पाय मात्र तासन् तास थंड फरशीवर असतात आणि तळव्यातून ऊब जात राहते. अस्तराचे, जाड तळव्याचे बूट या वस्तीत कोणाच्या खऱ्या गरजेचे असतील तर त्याच्या. यावर काही रहिवासी म्हणतात की तो एजन्सीचा माणूस, गणवेश आणि बूट देणे एजन्सीचे काम. कराराच्या दृष्टीने ते बरोबर आहे. शिवाय चौकीदार वरचेवर बदलतात, आज घेतलेले बूट पुढच्याच्या मापाचे निघतील याची खात्री नाही, ही अडचणही खोटी नाही. तरी एजन्सीशी पत्रव्यवहार होईपर्यंत डिसेंबर सरतो. तोवर सोसायटीच्या वर्गणीतून त्याच्या पायाखाली लाकडी फळी आणि जाड रबरी पायपुसणे घालता येईल, ते कोणाच्याही मापाला चालते. बूट घ्यायचे ठरलेच तर वर्गणी गोळा करणाऱ्यांनी अंदाजाने आणू नयेत, त्याला सोबत घेऊन दुकानात जावे.