निबंधांची मोजणी आणि विंचवाचा दंश

वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकाला वरचे पद हवे असेल तर त्याच्या नावावर प्रसिद्ध झालेले शोधनिबंध असले पाहिजेत, ही अट तत्त्वतः गैर नाही. शिकविणाऱ्याने शोधही घ्यावा, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु अट आली की मोजणी आली, आणि मोजणाऱ्याला आकडा दिसतो, आशय दिसत नाही. मूत्रविकारांवरील वा वेदनाशमनावरील निबंधांची लांबलचक यादी जोडलेला अर्ज निवड समितीपुढे येतो, तेव्हा त्यांतील किती निबंधांनी रुग्णाचा उपचार बदलला, हे विचारण्याची सोय अर्जाच्या नमुन्यात नसते.

या मोजणीची फलश्रुती काय? डॉ. समीरण नंदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांतील ५७९ वैद्यकीय संस्थांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध केली. त्यांतील ३३२ संस्थांतून दहा वर्षांत एकही निबंध बाहेर पडला नव्हता! दुसरीकडे, पैसे मोजले की काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार फोफावला. डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे विद्यापीठात बसून विद्यापीठांनी शिफारस केलेल्या नियतकालिकांची छाननी केली. २०१८ मधील त्या अहवालानुसार १००९ पैकी जेमतेम ११२ कसोटीस उतरली. ही छाननी केवळ वैद्यकाची नव्हती. पण वैद्यक त्या बाजारापासून अलिप्त आहे, असे कोण म्हणेल?

अशा वेळी महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९७६ पासून ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचवाच्या दंशाने कोकणातील धडधाकट माणसे, विशेषतः मुले, फुप्फुसात पाणी होऊन दगावत. दंशाची वेदना जीवघेणी वाटते, पण जीव घेते ती वेदना नव्हे. नुसती कळ असेल तर जागा बधिर करून भागते. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे आणि पुरुषांत लिंगाला येणारी अनैच्छिक ताठरता ही धोक्याची पूर्वचिन्हे होत. एरवी मूत्ररोगतज्ज्ञाकडे जाणारे हे शेवटचे लक्षण बावसकरांनी रुग्णाच्या खाटेशी बसून टिपले आणि १९८२ साली ‘लॅन्सेट’ने ते निरीक्षण छापले. पुढे रक्तदाबावरील प्राझोसीन हे औषध त्यांनी दंशावर वापरले. १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. (प्रोस्टेट वाढून लघवी अडलेल्या वृद्धांना जी औषधे देतात, त्यांचेच हे भावंड.) गंभीर विषबाधेत पूर्वी शेकडा २५ ते ३० रुग्ण दगावत, ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. या कामात डॉ. प्रमोदिनी बावसकर यांचा वाटा बरोबरीचा होता. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलेल्या त्यांच्या चाचणीत रुग्ण होते अवघे सत्तर. प्राझोसीनसोबत प्रतिविष दिलेल्यांपैकी ९१ टक्क्यांहून अधिक रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसीनवर हे प्रमाण २३ टक्क्यांच्या आत राहिले. २०२२ साली बावसकरांना पद्मश्री मिळाली.

महाडहून माणगावमार्गे ताम्हिणी घाट चढला की मुळशी तालुका लागतो, आणि त्याच तालुक्यात, हिंजवडीच्या संगणक-नगरीला खेटून, माण हे गाव आहे. तेथे काचेच्या इमारती उठल्या. पण त्यांच्या पायथ्याशी दगड-विटा उचलणारे हात उघडेच आहेत. दंश झालेला मजूर पहिल्यांदा गाठतो तो जवळच्या दवाखान्यातला डॉक्टर. लक्षणांची नोंद होऊ शकते ती त्याच्याकडे. आणि त्यालाच ना ग्रंथालय, ना संख्याशास्त्राचा सल्ला, ना नोंदवही लिहिण्याइतकी उसंत. कित्येक नियतकालिकांचे प्रकाशनशुल्क हजारो डॉलरांच्या घरात. ते त्याने कोठून आणावे?

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने निबंधांच्या संख्येची अट सैल करून उमेदवाराकडून आपला एकच निबंध मागवावा आणि त्याने उपचारात कोणता फरक पडला, हे त्याला समितीपुढे तोंडी सांगावयास लावावे. महाराष्ट्र शासनाने तर त्याहून सोपे काम करावे : प्रत्येक जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील एका संख्याशास्त्रज्ञाला महिन्यातून दोन दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नोंदवह्या पाहण्यासाठी मोकळे ठेवावे आणि त्याचा प्रवासभत्ता वेळेवर द्यावा.